जाळीतला चेंडू

नातवाचा सामना बघायला चला, असं सूनबाई म्हणाली तेव्हा मला वाटलं, क्रिकेट असेल, नाहीतर फुटबॉल. २०२३ सालच्या मार्चमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. मेरिलँड राज्यात, बाल्टिमोर शहरापासून अर्ध्या तासावर त्याचं घर. शनिवारची सकाळ, अंगात दोन स्वेटर, डोक्याला बेळगावहून नेलेली माकडटोपी. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आईबाप बसलेले. आणि मैदानात दहा-अकरा वर्षांची पोरं, डोक्याला शिरस्त्राण, हातात फुलपाखरं धरायच्या जाळ्या असाव्यात तशा काठ्या, एकमेकांच्या मागं धावत होती. ही माझ्या कानाशी लागली, ''काय करायलेत हो हे?''

या खेळाचं नाव लॅक्रॉस. काठीच्या टोकाला जाळीची खोलगट पिशवी असते. भरीव रबराचा चेंडू तिच्यात झेलायचा, तिच्यातूनच फेकायचा आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारायचा. मोठ्या पुरुषांच्या खेळात एका बाजूला दहा गडी आणि मैदान एकशे दहा यार्डांचं. क्रिकेटचं आपल्याकडे जे, ते लॅक्रॉसचं मेरिलँडमध्ये. २००४ साली त्या राज्यानं त्याला आपला अधिकृत सांघिक खेळ ठरवलं. मला त्यातला एक नियम फार आवडला. गोलावर मारलेला चेंडू हुकून मैदानाबाहेर गेला, तर त्याच्या सर्वांत जवळ जो असेल त्याच्या संघाला तो मिळतो. त्यामुळे फटका हुकला तरी पोरं थांबत नाहीत. उलट जिवाच्या आकांतानं चेंडूमागं धावतात.

खेळापेक्षा मी रमलो तो खेळ चालवणाऱ्यांत. प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी वडील, पेशानं वीजतंत्री. पैसे घेत नाहीत. घड्याळ एक आई सांभाळते, गोल दुसरी टिपून ठेवते. मध्यंतराला संत्र्यांच्या फोडी वाटायची पाळी दर आठवड्याला एकेका घराची. मला आमच्या गल्लीतलं मंडळ आठवलं. तिथंही वर्गणी गोळा करणारा, चुना मारून मैदान आखणारा आणि भांडणं सोडवणारा बहुधा एकच माणूस असायचा. आम्ही विटीदांडू खेळायचो. शेजारची कन्नड मुलं त्यालाच चिन्नीदांडू म्हणायची. डाव रंगला की कोण कुठलं नाव घेतोय, याचं भान कुणाला नसायचं.

आमचा नातू काही संघाचा हिरो नव्हता. बराच वेळ तो बाकावर असे. पण घरी आला की गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि झेलायचा. उजव्या हातानं शंभर, डाव्या हातानं शंभर. दुपारची झोप त्या ठोक्यांनी मोडायची. पळताना चेंडू जाळीतून निसटू नये म्हणून काठी सतत मनगटानं हलवत ठेवावी लागते. त्या हलवण्याला तिकडं 'क्रेडल' म्हणतात. म्हणजे पाळणा. हे कळल्यावर हिला त्या खेळाबद्दल एकदम माया वाटायला लागली.

नातवाला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. हा आमच्या घरातला जुना सल. आपल्या तरुणपणाचे, मोर्च्यांचे, सभांचे किस्से मी त्याला सांगायचो. तो सभ्यपणे ऐकायचा आणि जरा वेळानं काठी घेऊन बाहेर पळायचा.

मे महिन्यात त्याला शाळेत या खेळाच्या इतिहासावर बोलायचं होतं. त्यानं मला श्रोता म्हणून समोर बसवलं. लॅक्रॉस हा गोऱ्यांचा खेळ नव्हेच, हे मला त्या दिवशी कळलं. तो उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यांच्यातले होडेनोशोनी, म्हणजे लांब घराचे लोक, आजही त्याला विधात्यानं दिलेला खेळ मानतात. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ. लॅक्रॉस हे नाव फ्रेंचांनी दिलेलं. इरोक्वॉय हे त्या लोकांचं पुस्तकी नावसुद्धा फ्रेंचांच्याच तोंडचं. हिकरी झाडाचं लाकूड चिरून, वाफेवर वाकवून, महिनोन्‌महिने सुकवून ते काठी करतात. मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात लहानशी काठी ठेवायची आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याची काठी द्यायची, अशी त्यांची रीत.

१८६७ साली माँट्रिअलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स नावाच्या दंतवैद्यानं खेळाचे नियम छापले. पुढं १८८० साली कॅनडातल्या संघटनेनं मूळ रहिवाशांनाच स्पर्धांतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते पैसे घेऊन खेळतात! प्रवासाचा खर्च भागवायला गरिबानं पैसे घेतले, की तो धंदेवाईक ठरला. ज्यांचा खेळ, तेच प्रेक्षकांत. १९८३ साली त्यांनी स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा केला आणि १९९० साली ऑस्ट्रेलियात, पर्थला, तो जागतिक स्पर्धेत उतरला. एका राष्ट्राचा संघ म्हणून, आपल्या निशाणाखाली.

''आणि आजोबा, त्यांचा देश नकाशात नाही,'' नातू म्हणाला.

मी सरसावून बसलो. नकाशातल्या रेघेवर माझा जन्म गेलेला. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. या लोकांच्या भूमीवरूनही अमेरिका आणि कॅनडा यांची सरहद्द गेलेली आहे. मोहॉकांची अक्वेसास्ने नावाची वस्ती आहे, तिचा एक भाग न्यूयॉर्क राज्यात, बाकीचा ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये. ती रेघ ओढताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग नातवानं २०१० सालची गोष्ट सांगितली. जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला होती. होडेनोशोनी संघ स्वतःचे पासपोर्ट घेऊन निघाला. ब्रिटननं ते मानायला नकार दिला. अमेरिकेनं फक्त त्या वेळेपुरती सवलत दिली, तरी ब्रिटन हललं नाही. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट काढून विमानात बसणं त्यांना शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. न्यूयॉर्कमध्ये काही दिवस वाट बघून पोरं घरी परतली. जो खेळ त्यांनीच जगाला दिला, त्याची जागतिक स्पर्धा त्यांच्यावाचून झाली.

सांगून झाल्यावर नातवानं सहज विचारलं, ''तुम्ही असतात तर दुसरा पासपोर्ट घेऊन गेला असतात का?''

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. सीमाभागातल्या माणसाच्या ओठांवर ते तयारच असतं. पण समोर माझा मुलगा चहा गाळत उभा होता, आणि मला जून १९८६ आठवला.

त्या महिन्यात बेळगावात कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं. मी फलक रंगवत होतो, गल्लीतल्या सभेत बोलत होतो. पोरांना मराठी शाळेत घाला, नाहीतर शाळा ओस पडतील, असं घसा फोडून सांगत होतो. आणि त्याच महिन्यात एके सकाळी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला मी इंग्रजी शाळेत घालून आलो. मराठी आणि कन्नड यांच्या भांडणात पोराचं नुकसान नको, असं मी हिला सांगितलं. सभेत यातलं काही बोललो नाही. शेजाऱ्यांना माहीत होतं. पण त्यांच्यातल्या निम्म्यांनी तेच केलेलं होतं. त्यामुळे कुणी कुणाला विचारलं नाही.

नातवाला मी म्हणालो, ''मी गेलो होतो रे. दुसराच पासपोर्ट घेऊन.'' त्याला ते कळलं नाही. मुलाला कळलं. रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ''बाबा, त्या शाळेनं माझा काही तोटा झाला नाही.''

''तेच तर,'' मी म्हणालो. ''तोटा तुझा झालाच नाही.''

त्यावर दोघंही बराच वेळ गप्प बसलो.

या लोकांबद्दल मी नंतर मिळेल ते वाचलं. २०२२ साली बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या वर्ल्ड गेम्समधून आधी त्यांना वगळलं होतं. तेव्हा आयर्लंडच्या संघानं स्वतः माघार घेऊन त्यांना जागा करून दिली. २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठी लॅक्रॉसची निवड झाली, तेव्हाही तोच पेच आला. तिथं संघ पाठवायला देशाची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती लागते, आणि या लोकांकडे ती नाही. तरी त्यांची पोरं खेळतातच. कुणाच्या मान्यतेसाठी त्यांनी काठी पाळण्यात ठेवायचं थांबवलं नाही. आम्ही मात्र मान्यतेसाठी भांडत राहिलो आणि पाळणा दुसऱ्याच्या हाती दिला.

निघायच्या आदल्या दिवशी नातवानं अंगणात मला काठी धरायला दिली. चेंडू जाळीत ठेवला आणि म्हणाला, पळा. दोन पावलांत चेंडू खाली. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. मी काठी घट्ट आवळून धरत होतो. तो मागून आला, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाला, ''घट्ट नको, आजोबा. हलव, हलव.''

'हलवा' म्हणायला हवं होतं. मी दुरुस्त केलं नाही. काठी हलवत चार पावलं गेलो. चेंडू जाळीत राहिला. पाचव्याला पडला.