नागपूरची गाडी बर्फात

मुलांनो, आम्ही पडलो नागपूरकर. उन्हाळ्यात ४५ अंशांत भाजून निघणारी माणसं! बर्फ आम्हाला ठाऊक तो फक्त गोळ्याचा, वर लाल-हिरवं सरबत घातलेला. त्यामुळे आमच्या मुलांच्या मामाजींनी "जानेवारीत मनालीला जाऊ, माझ्या नव्या गाडीनं," असं जाहीर केलं, तेव्हा घरात नुसता धिंगाणा झाला.

मामाजींची गाडी चांगली आलिशान. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी. "ही कुठंच अडकत नाही," हे वाक्य मामाजींनी वाटेत निदान पंधरा वेळा ऐकवलं असेल.

नागपूरहून ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरला की पेंचचं जंगल लागतं. इथं रस्ता खांबांवर उचललाय आणि खालून जनावरांना जायला वाट ठेवली आहे. पुढे सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली आणि मग पहाड. एकूण सुमारे १६०० किलोमीटर. एवढ्या वेळात आमची लेक गप्प बसते होय!

"मामाजी, चार चाकं तर सगळ्याच गाड्यांना असतात. मग तुमच्या गाडीत वेगळं काय?"

प्रश्न बरोबर होता. बहुतेक गाड्यांत इंजिन दोनच चाकं फिरवतं, पुढची किंवा मागची. उरलेली दोन नुसती सोबत धावतात. फिरवणारी चाकं चिखलात किंवा बर्फात घसरली, की ती जागेवर गरगरतात आणि गाडी अडते. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीत फसलेली गाडी पाहिली असेल ना? तसंच.

चारही चाकांना ताकद द्यायच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. पहिली जुन्या जीपची. पेंच-ताडोब्याच्या सफारीत दिसणारी, १९८५ साली आलेली जिप्सीही तशीच. दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना पक्की बांधली जातात. चिखलात हे उत्तम. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बांधलेली असली तर कोरड्या रस्त्यावर टायर घासतात, यंत्रावर ताण येतो. म्हणून पक्क्या सडकेवर दांडा परत टाकायचा.

दुसरी तऱ्हा ऑडीच्या १९८० साली आलेल्या 'क्वाट्रो' गाडीतली. चारही चाकं कायम जोडलेली, पण पुढच्या-मागच्या जोडीमध्ये दातेरी चाकांची एक पेटी, म्हणजे डिफरन्शियल. त्यामुळे वळणावर दोन्ही जोड्या आपापल्या वेगानं फिरू शकतात. पुढे ऑडीनं 'टॉर्सन' नावाची पेटी बसवली. एक जोडी घसरू लागली, की ती दुसऱ्या जोडीकडे आपोआप जास्त ताकद वळवते.

तिसरी तऱ्हा क्लचची. एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांची चळत असते. संगणक चाकांवर लक्ष ठेवतो आणि गरज पडली की चकत्या दाबून दुसऱ्या जोडीलाही कामाला लावतो. बीएमडब्ल्यूच्या 'एक्सड्राइव्ह'मध्ये अशीच चळत असते. मर्सिडीजच्या अनेक 'फोरमॅटिक' गाड्यांत आणखी एक युक्ती असते. जे चाक गरगरतं, त्यालाच ब्रेक लावायचा, म्हणजे ताकद बाकीच्यांकडे जाते.

"माझी या तिसऱ्या जातीची," मामाजी मिशीत हसले.

मनालीत रात्रभर बर्फ पडला. सकाळी सोलंगच्या वाटेवर पोलीस उभे. ज्यांच्या टायरला साखळ्या किंवा ज्यांची चारही चाकं चालतात, त्यांनाच पुढे सोडत होते. मामाजींची कॉलर ताठ! बाजूला अडकलेल्या गाड्या मागे टाकत आम्ही चढलो, २०२० साली सुरू झालेल्या ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला पोचलो. मुलं बर्फात मनसोक्त लोळली.

घात झाला तो परतताना. ऊन गेलं होतं. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर गोठून काचेसारखं झालं होतं. उतारावर समोर एक व्हॅन उभी, शेजारी चार-पाच माणसं. मामाजींनी ब्रेक दाबला. पायाखाली टर्र-टर्र आवाज आला, पण गाडी थांबेना! सरळ घसरतच निघाली. "अरे बाप्पा!" एवढंच कोणीतरी ओरडलं. व्हॅनजवळची माणसं पळाली. मामाजींनी ब्रेक हलकेच सोडला, चाक डोंगराकडे वळवलं, आणि गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतून थांबली. व्हॅन जेमतेम दोन हात दूर होती.

गाडीत कोणी बोलेना. धाकटा रडायलाच लागला.

तिथला एक ड्रायव्हर पळत आला. त्यानं आमचे टायर पाहिले आणि म्हणाला, "साहब, चढ़ना इंजन का काम है, रुकना टायर का!"

खरंच की! इंजिनाची ताकद दोन चाकांना जावो की चार, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. थांबताना मामाजींच्या महागड्या यंत्राचा काहीच उपयोग नव्हता. उलट चढताना चाकं घसरली नाहीत, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे आम्हाला कळलंच नाही. शिवाय टायर नागपूरच्या उन्हात चालणारे. साधारण ७ अंशांच्या खाली तसलं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर लावतात. त्यांचं रबर गारठ्यातही मऊ राहतं, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात.

त्या भल्या माणसानं चारही चाकांना लोखंडी साखळ्या बांधून दिल्या. खालचा गिअर, बैलगाडीसारखी चाल, आणि समोरच्या गाडीपासून भरपूर अंतर. असे आम्ही उतरलो. मामाजी वाटभर एकदाही "अडकत नाही" म्हणाले नाहीत.

दोस्तांनो, बर्फ आपल्याकडे पडत नाही, पण पहिल्या पावसात रस्ता असाच निसरडा होतो. तेव्हा आज घरची गाडी उभी असताना टायरच्या खाचांत वाकून बघा. आत छोटे उंचवटे दिसतील. ते १.६ मिलिमीटर उंच असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की बदलायची वेळ झाली. आणि बाबांना सांगायला लाजू नका. आमच्या लेकीनं नागपूरला आल्या आल्या मामाजींना सांगितलं. मामाजींनीही निमूटपणे वाकून पाहिलं!