‘प्रश्न उद्भवत नाही’

विधानसभेत विचारलेला एक प्रश्न आणि त्याला मंत्र्यांनी दिलेले उत्तर, असा एक छापील कागद आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलेला आहे. प्रश्न तीन भागांचा आहे आणि उत्तर दोन ओळींचे. ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ मंत्रिमहोदयांनी जे ‘खरे नाही’ म्हटले, ते आमच्या थोरल्या भावाचे मरण.

दादा २०२२ च्या मे महिन्यात गेला. एका खाजगी इमारतीच्या संडासाची टाकी तुंबली होती. दादा ठेकेदाराकडे रोजावर होता. सकाळी झाकण काढले, थोडा वेळ उघडे ठेवले, कमरेला दोर बांधला आणि तो उतरला. अंगात गंजी, हातात बादली. तोंडाला काही नाही. आत वायू साचलेला होता. वर दोर धरून उभा असलेला जोडीदार हाका मारीत राहिला आणि मग तोही उतरायला निघाला. वॉचमनने त्याला मागे ओढले म्हणून तो वाचला. नाहीतर त्या दिवशी वस्तीत दोन घरांत आकांत झाला असता.

मागे राहिलो वहिनी, तिची दोन मुले, आई आणि आम्ही दोघे धाकटे.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. रविवारी वंदना झाली की आमच्या विहारात गुरुजी पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. जुलै २०२१ चे दिवस. कोरोनामुळे मोजकीच माणसे यायची, लांब लांब बसायची. गुरुजींनी बातमी वाचली. राज्यसभेत मल्लिकार्जुन खरगे आणि एल. हनुमंतय्या यांनी केंद्र सरकारला हाताने मैला साफ करणाऱ्यांबद्दल प्रश्न विचारला होता. सामाजिक न्याय खात्याच्या राज्यमंत्र्यांनी लेखी उत्तर दिले, की या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्या राज्यमंत्र्यांचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. वाचकांना ते ठाऊक आहे. आपल्याच चळवळीतून वर गेलेले गृहस्थ, त्यांच्या सभांच्या सतरंज्या आम्हीही उचललेल्या आहेत. बातमी ऐकून दादा हसला. म्हणाला, “बरं झालं गुरुजी. म्हणजे आपल्यातलं कोणी मरतच नाही.” सगळेच हसलो.

दादा गेल्यावर भरपाईच्या अर्जासाठी आम्ही फेऱ्या मारू लागलो. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की १९९३ पासून गटारात नि टाकीत मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला दहा लाख रुपये द्यावेत. हे आम्हाला वस्तीतल्या एका वकील मुलीने सांगितले. कचेरीत एक साहेब म्हणायचे, हा तर अपघात आहे. दुसरे म्हणायचे, खाजगी इमारत आहे, सोसायटीकडून घ्या. सोसायटी ठेकेदाराकडे बोट दाखवायची. ठेकेदाराने अंत्यविधीला पाकीट दिले होते, त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. वहिनी दुपारी डब्यांच्या पोळ्या लाटायची नि सकाळी आमच्याबरोबर कचेरीत बसायची. असे सहा महिने गेले.

मग गुरुजी म्हणाले, प्रश्न विचारायला लावा.

सभागृहात प्रश्न विचारणे म्हणजे भाषण करणे, असे आम्हाला वाटायचे. तसे नसते. आमदाराने प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी दिवस आधी लिहून द्यावा लागतो. तारांकित असेल तर मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित असेल तर उत्तर लेखीच येते. तारांकितांपैकीही थोडेच प्रश्न तासाभरात पुकारले जातात, बाकीचे यादीत छापून राहतात. साच्याची भाषाही ठरलेली. ‘हे खरे आहे काय?’ ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली?’ ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

दुसऱ्या भागातले एक आमदार तयार झाले. त्यांच्या माणसाने कागद पुढे केला आणि म्हणाला, “तुम्हीच लिहा, तुम्हाला जास्त ठाऊक.” आम्ही रात्री बसून लिहिले. ‘हाताने मैला साफ करताना कामगारांचे मृत्यू होत आहेत, हे खरे आहे काय?’ डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तो प्रश्न यादीत आला, पुकारला गेला नाही, आणि पुढे त्याचे छापील उत्तर मिळाले. तेच ते वर लिहिलेले.

वहिनीने कागद वाचला. तिचे शिक्षण सातवीपर्यंत. तिने विचारले, “उद्भवत नाही म्हणजे काय?”

आम्ही सांगू शकलो नाही. वकील मुलीने सांगितले. खोड आमच्याच शब्दांत होती. २०१३ च्या कायद्यात दोन वेगळे खाने आहेत. कच्चे संडास, उघडे नाले, खड्डे, रेल्वेचे रूळ अशा ठिकाणचा मैला हाताने उचलणारा, तो एका खान्यात. भुयारी गटारात किंवा टाकीत साधनांशिवाय उतरणारा, तो दुसऱ्या खान्यात. त्याच्या कामाला कायदा ‘धोकादायक सफाई’ म्हणतो. कलम ७ प्रमाणे ते काम करून घेण्यास मनाई आहे, आणि कलम ९ प्रमाणे करून घेणाऱ्याला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आम्ही पहिल्या खान्याचे विचारले, त्यांनी पहिल्या खान्याचे उत्तर दिले. दादा दुसऱ्या खान्यात मेला होता.

दिल्लीतही तसेच झाले होते. २०२१ च्या त्याच अधिवेशनात, ऑगस्टमध्ये, त्याच खात्याने सांगितले की हाताने मैला साफ केल्याने मृत्यू नाहीत, मात्र गटारे नि टाक्यांच्या धोकादायक सफाईत ९४१ कामगार मेले आहेत. शून्य आणि नऊशे एक्केचाळीस, दोन्ही आकडे सरकारचेच. हा कायदा अमलात आला तो दिवस कोणता, तर ६ डिसेंबर २०१३. दादा त्या दिवशी दरवर्षीप्रमाणे चैत्यभूमीच्या रांगेत होता.

बाबासाहेबांनी ही खुर्ची दोन्ही बाजूंनी पाहिलेली होती, हे आपण विसरतो. १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलात आणि १९३७ पासून असेंब्लीत ते सरकारला जाब विचारीत होते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, तेव्हा जाब द्यायची पाळी त्यांच्यावर आली. युद्धाच्या काळात बायकांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी सरकारने उठवली होती. त्यावर १९४४ साली दिल्लीच्या असेंब्लीत सरकारला धारेवर धरले गेले, आणि उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. बंदी उठवल्याचे त्यांनी नाकारले नाही, ती तात्पुरती आहे म्हणाले. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. आम्हाला ते उत्तर पूर्ण पटत नाही, हेही लिहून ठेवतो. आमची आजी असती तर तिलाही पटले नसते. पण ‘खाणीत बायका नाहीत’ असे ते म्हणाले नाहीत.

दुसरा प्रश्न लिहायला आम्हाला चार रात्री लागल्या. वकील मुलगी, गुरुजी, वहिनी, आम्ही दोघे आणि दोर धरणारा जोडीदार. तो सांगत होता, आम्ही लिहीत होतो. ‘मैला’ हा शब्द काढला. ‘कामगार’ ठेवला. दिवस, पोलीस ठाणे, नोंदीचा क्रमांक घातला. ‘मलटाकीत उतरलेल्या कामगाराचा वायूने गुदमरून मृत्यू झाला, हे खरे आहे काय?’ ‘असल्यास, संरक्षक साधनांशिवाय त्यास उतरविणाऱ्यावर २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ व ९ अन्वये गुन्हा नोंदविला आहे काय?’ ‘वारसांस भरपाई दिली काय, किती व केव्हा?’ ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ पळवाट कुठे राहिली ते जोडीदार शोधायचा. म्हणायचा, “साहेब इथून निसटंल बघा.” खाजगी इमारतीची सबब पुढे येणार हे ठाऊक होते. म्हणून गोवंडीचा दाखला आमदारांना वेगळ्या कागदावर लिहून दिला. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या एका सोसायटीच्या टाकीत तिघे मेले होते. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारलाच प्रत्येकी दहा लाख देण्यास सांगितले. ती इमारतही खाजगीच होती.

प्रश्न डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनासाठी गेला. मग काय झाले ते सांगण्यासारखे आहे. प्रश्न लागला की तो मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून कचेरीला उतरत येतो आणि उत्तर ठरल्या दिवसांत वर जावे लागते. ज्या टेबलासमोर आम्ही सहा महिने उभे होतो, त्या टेबलाचे साहेब एका संध्याकाळी आमच्या दारात आले. सोबत एक शिपाई, काखेत फाईल. वहिनी पोळ्या लाटत होती. साहेब म्हणाले, “ताई, मृत्यूचा दाखला आहे का? झेरॉक्स चालेल.” तोच दाखला तिने त्यांना आधी तीनदा दिलेला होता. तिने हात धुतले, चौथ्यांदा दिला आणि चहा ठेवला. आम्हाला राग आला चहाचा. ती म्हणाली, “दारात आलेत ना, मग?”

उत्तर आले. ‘(१) होय, हे खरे आहे.’ वहिनीने त्या ओळीवर बोट ठेवले आणि ते बराच वेळ उचलले नाही. म्हणाली, “दीड वर्षानं सरकार म्हणालं, माझा माणूस मेला.” पुढचे उत्तर असे, की निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदविला आहे, इतर कलमांबाबत तपास चालू आहे. भरपाईचा प्रस्ताव विचाराधीन आहे. आणि विलंबाची कारणे काय? ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आम्ही हसलो. दादा असता तर मोठ्याने हसला असता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये दहा लाख रुपये वहिनीच्या खात्यात आले. मुलीचे डिप्लोमाचे शिक्षण त्यावर चालू आहे. मात्र २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई तीस लाख केली आहे. निकालाच्या दिवशी वहिनीला एक रुपयाही मिळालेला नव्हता. कचेरी म्हणते, तुमची घटना त्याआधीची. वकील मुलगी म्हणते, रक्कम दिलीच नव्हती तर नवाच आकडा धरला पाहिजे. कलम ९ अजून लागलेले नाही, ठेकेदार दुसऱ्या नावाने कामे घेतो. केंद्र सरकारनेच २०२२ आणि २०२३ मधल्या मृत्यूंची तपासणी करवून घेतली, ती २०२५ साली संसदेत सांगितली. तपासलेल्या ५४ मृत्यूंपैकी ४९ जणांजवळ कसलेच साधन नव्हते. त्या चोपन्नांत दादा आहे की नाही, आम्हाला माहीत नाही. यादीत नावे नाहीत.

मध्ये नोव्हेंबर २०२४ ला निवडणूक झाली, विधानसभा नवी आली, आमचे ते आमदार पडले. आता एक नव्या बाई भेटल्या आहेत. त्यांनी कागद मागितला आहे.

परवा रात्री पुन्हा बसलो. दहा की तीस, हा एक प्रश्न. कलम ९ लावायला किती वर्षे लागतात, हा दुसरा. वाचून दाखवले तेव्हा वहिनी म्हणाली, “मागच्या दोन्ही कागदांत त्यांचं नाव नव्हतं. ‘एका कामगाराचा’ असं होतं. ह्या वेळी नाव लिहा.”

गुरुजी म्हणाले, साच्यात नाव बसेल का ते बघावे लागेल. तिने वही स्वतःकडे ओढली, बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहिले आणि गुरुजींना म्हणाली, आता बघा बसतं का.