वयाच्या सारणीतले शून्य आणि पाच

भारताच्या जनगणनेत वयाची माहिती दोन प्रकारच्या सारण्यांत मांडली जाते. एकीत प्रत्येक वर्षाच्या वयाची लोकसंख्या सुटी दिलेली असते, तर दुसरीत पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडून तीच माणसे एकत्र मोजलेली असतात. पहिल्या सारणीवरून आलेख काढला, की 30, 35, 40, 45, 50 या वयांवर उंच सुळके उभे राहतात आणि 29, 31, 39, 41 या वयांवर खोल खाचा पडतात. एवढी माणसे नेमकी त्याच वर्षांत जन्मलेली नसतात. जन्माची नोंद नसली किंवा कुटुंबातील एकच व्यक्ती सर्वांची माहिती देत असली, म्हणजे वय अंदाजाने सांगितले जाते आणि तो अंदाज शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतो. ही ओढ किती आहे हे व्हिपल निर्देशांकाने मोजतात: 23 ते 62 या वयांपैकी शून्य वा पाच हा शेवटचा अंक असलेल्यांची संख्या त्या टप्प्यातील एकूण संख्येच्या एक-पंचमांश असेल तर निर्देशांक 100 येतो, आणि सर्वांनीच अशी वये सांगितली तर 500.

आता 30–34, 35–39 असे वर्ग पाडले, म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वाट्याला एकेक सुळका येतो, शेजारच्या खाचा त्यानेच भरून निघतात आणि वारंवारता, म्हणजे त्या वर्गात मोडणाऱ्यांची संख्या, बरीच सुरळीत दिसू लागते. हा संक्षेप उपयोगी आहे, तरी दोष त्याने पुरता नाहीसा होत नाही, कारण 29 वर्षांच्या ज्या माणसाचे वय 30 सांगितले गेले तो पुढच्याच वर्गात मोजला जातो. म्हणूनच सुटी सारणी डोळ्यांखालून घातल्याशिवाय वर्ग पाडायला बसू नये.

आयतालेखात तर अधिकच जपावे लागते. त्यात संख्या दाखवते ते आयताचे क्षेत्रफळ, नुसती उंची नव्हे. त्यामुळे इतर वर्ग पाच वर्षांचे ठेवून 60–79 हा वीस वर्षांचा एकच वर्ग केला, तर त्याची वारंवारता चाराने भागून मगच उंची घ्यावी लागते, नाहीतर वृद्धांची संख्या चौपट भासते. ‘80 व त्याहून अधिक’ या खुल्या वर्गाला वरची मर्यादाच नसल्याने त्याची रुंदी गृहीत धरावी लागते, आणि ते गृहीतक आलेखावर लिहिणे हे काढणाऱ्याचे कर्तव्य आहे. सारणीच्या तळाशी असलेली ‘वय नमूद नाही’ ही ओळ मात्र कोणत्याच आयतात बसत नाही. ती माणसेही मोजली गेलेली असतात, तेव्हा त्यांची संख्या आलेखाखालच्या टिपेत आली पाहिजे.