स्कूटर, मी आणि तेलाचा डबा

मैत्रिणींनो, नवऱ्याने जुनी गाडी घेतली तर ती 'सोय' असते आणि आपण घेतली तर तो 'उपद्व्याप' असतो, हे मला गेल्या वर्षी कळलं. शिकवण्यांचे साठवलेले १८,००० रुपये मोजून मी २०१३ सालची, बिनगिअरची एक स्कूटर घेतली. मी साताऱ्यात एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जेवढे तास तेवढे पैसे. तास चुकला की पैसे गेले, आणि वर मुख्याध्यापकांची घड्याळाकडे टाकलेली नजर सोसायची ती वेगळीच!

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग बाईसाहेबांनी खोड धरली. सकाळी बटण दाबलं की लगेच सुरू. गोडोलीतून निघायचं, आणि पोवई नाक्याच्या अलीकडे आचके देत बंद! मागून हॉर्नचा गजर, रिक्षावाल्यांचे सल्ले. दहा मिनिटं कडेला उभं राहिलं की पुन्हा शहाण्या मुलीसारखी चालू.

गॅरेजवाल्याने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून साफ केला. तीन फेऱ्यांत २,३०० रुपये गेले. प्रश्न मी विचारायचा आणि त्याने उत्तर द्यायचं ते ह्यांच्याकडे बघून! "वहिनींचा चोक ओढलेला राहत असेल," हे त्याचं निदान. शेवटी एका रात्री हे म्हणाले, "गिऱ्हाईक बघतो मी. तू आपली रिक्षाने जात जा." रोजचं रिक्षाभाडं वजा जाता माझ्या हाती काय उरणार, हा हिशेब त्यांनाही येत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर टिपणं ठेवू लागले. गाडी कुठे बंद पडली, किती किलोमीटर झाले, टाकीत पेट्रोल किती. आठवड्याने वही पाहिली तर गंमतच! टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडे. पेट्रोल तळाला गेलं असलं की बिनबोभाट शाळेपर्यंत जाई. हे तर उलटंच झालं की नाही?

मग बाबांना फोन केला. माझ्या लहानपणी त्यांच्याकडे जुनी दोन-स्ट्रोक स्कूटर होती. तिच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागे आणि प्लग सारखा काळा होई. रविवारी बाबा गाडी कलती करून, प्लग घासून किका मारत बसलेले मला अजून दिसतात. ते म्हणाले, "बंद पडल्याबरोबर प्लग काढून बघ. ओला असला तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. कोरडा असला तर पेट्रोलच पोचत नाही."

प्लगचं टोक म्हणजे गाडीची जीभच म्हणा ना! फिकट तपकिरी असलं तर तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. बहुधा फिल्टर तुंबलेला असतो. तेलकट काळं असलं तर इंजिन ऑईल जाळतंय आणि पुढे मोठा खर्च आहे असं समजा. जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी एवढं जरूर पाहा. मी पाहिलं नव्हतं!

नाक्यावर फडक्याने धरून (इंजिन चांगलंच तापलेलं असतं हो!) मी प्लग काढला. अगदी कोरडा. म्हणजे टाकीत पेट्रोल असून खाली उतरत नव्हतं. का?

उत्तर मिळालं ते स्वयंपाकघरात. दिवाळीसाठी तेलाचा पंधरा किलोचा डबा आणला होता. मी एक भोक पाडून ओतू लागले, तर तेल गचके खात येईना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुसरं भोक पाड ना पलीकडे! हवा नको का आत जायला?"

मी डबा तिथेच ठेवला. "काय झालं गं?" त्या विचारत राहिल्या.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल खर्च होईल तशी आत पोकळी होते आणि ती पेट्रोलला खाली येऊ देत नाही. टाकी भरलेली असली की वर हवा थोडीच, म्हणून ओढ लवकर बसते. वहीतलं कोडं सुटलं! दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडताच सीट उचलून झाकण फिरवलं. 'सुस्स' आवाज झाला, आणि बटण दाबताच गाडी चालू.

घरी अंगणात, गॅसपासून दूर, गाडी थंड झाल्यावर झाकण काढलं. भोकात चिखल आणि पॉलिश वाळून दगड झाला होता. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, आणि पूर्ण वाळवूनच परत बसवलं; टाकीत पाणी जाता कामा नये. भोक मोकळं होत नसेल तर सरळ नवं झाकण घ्यावं. झाकण सैल ठेवून चालवायचा मोह मात्र टाळा. पेट्रोल सांडतं, वाफ पसरते, आणि पावसात पाणी आत जातं.

रविवारी ह्यांनी ठरवलेलं गिऱ्हाईक आलं. मी त्यांना पोहे दिले, चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "माझी मोटारसायकलही हल्ली सकाळी कुरकुर करते. वहीत लिहून ठेवू का?"