एप्रिलमधली नारंगी टोपी

तिचं वय फार नाही. जन्म २००८ चा, आयपीएलच्या पहिल्याच मोसमातला. त्या वर्षी ती अखेर शॉन मार्शच्या डोक्यावर स्थिरावली, ६१६ धावांवर. दोन वर्षांनी सचिन तेंडुलकरकडे आली, ६१८ धावांवर. रंग भडक, मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येणारा. ज्याच्या धावा सर्वांत जास्त, तिचा मुक्काम त्याच्याकडे.

स्वभाव मात्र तिला दोन आहेत. मोसम संपताना भेटाल तर ती पोक्त वाटते. चौदा-सोळा सामने पाहून झालेले असतात, चेन्नईची संथ खेळपट्टी आणि मुंबईतलं रात्रीचं दव अनुभवून झालेलं असतं. त्या वेळी ती जे सांगते त्यावर भरवसा ठेवावा. एप्रिलमध्ये तीच टोपी कमालीची उतावळी असते. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. किती डावांत, कुणाच्या गोलंदाजीवर, कितव्या क्रमांकावर येऊन, यातलं ती काहीच विचारत नाही. बेरीज पाहते आणि निघते. तिची एक जांभळी बहीण आहे, ती बळी मोजते. स्वभाव अगदी तोच.

किल्लारीत ती मोबाइलच्या पडद्यावर भेटते. भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या या गावात आज जी पोरं चहाच्या टपरीवर संघ लावत बसतात, ती सगळी १९९३ नंतर जन्मलेली. संध्याकाळी सात वाजले की एकच विचारणा, “टॉस झाला का गा?” आणि लगेच पुढची, “कॅप्टन कुणाला केलास?” दोन्ही संघांतून मिळून अकरा जण निवडायचे, त्यातल्या कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. म्हणजे निवड साधली तर फायदा दुप्पट, फसली तर फटकाही तेवढाच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. फार बरं झालं. महिनाअखेरीला हातउसने मागण्याची वेळ ज्या घरांवर आली होती, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पैसा गेला तरी निवडीची गोडी उरलीच आहे आणि ती उरावी असं मला मनापासून वाटतं. माणसाची पारख करायला शिकवणारे खेळ फार थोडे आहेत.

या टोपीचा एप्रिलमधला स्वभाव समजून घ्यायचा तर ३१ मार्च २०२३ ची रात्र आठवावी. अहमदाबाद, मोसमाचा पहिला सामना, चेन्नई विरुद्ध गुजरात. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने ५० चेंडूंत ९२ धावा केल्या, त्यात नऊ षटकार. टोपी त्याच्याकडे. आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातला, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आयपीएलमधला पहिलाच सामना खेळत होता. चार षटकं, ३६ धावा, तीन बळी. त्या रात्री त्याच्याहून जास्त बळी कुणाचेच नव्हते. आपल्या आईभवानीच्या गावचं पोरगं जांभळ्या रकान्यात सर्वांत वर! लातूर-धाराशिवमधल्या माणसाला याचा आनंद काय असतो ते बाहेरच्याला कळणं अवघड आहे. पुढच्या सामन्याला त्याला संघात न घेणारा इकडचा माणूस विरळा.

त्याच सामन्यात महाराष्ट्राचा आणखी एक गोलंदाज होता. कल्याणचा तुषार देशपांडे. इम्पॅक्ट प्लेयरचा नियम त्या मोसमात नवा आला होता आणि अंबाती रायुडूच्या जागी मैदानात उतरलेला तुषार हा आयपीएलमधला पहिला इम्पॅक्ट प्लेयर ठरला. ३.२ षटकांत ५१ धावा, एक बळी. सामना चेन्नईने गमावला आणि विजयी चौकारही त्याच्याच गोलंदाजीवर बसला. अशा आकड्याच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोण संघात घेणार?

मोसम संपला तेव्हा तुषारचे बळी २१ होते, विजेत्या चेन्नईच्या गोलंदाजांत सर्वाधिक. राजवर्धनला त्या मोसमात दोनच सामने मिळाले. बळी तीनच राहिले.

पहिल्या रात्री हे दिसत नव्हतं का? आकड्यांत दिसत नव्हतं, पण मैदानावर दिसत होतं. शेवटच्या षटकात गुजरातला आठ धावा हव्या होत्या. तोवर भरपूर मार खाल्लेल्या तुषारच्याच हाती धोनीने चेंडू दिला. कर्णधार अवघड षटक कुणाला देतो, ही खूण बळींच्या आकड्याहून मोठी. आणि दुसरी गोष्ट, तुळजापूरच्या पोराला जागा मिळाली तेव्हा मथीशा पथिराना आणि महीश तीक्षणा हे श्रीलंकेकडून न्यूझीलंडमध्ये खेळत होते. ते परतले की कुणाची तरी जागा जाणार, हे ठरलेलंच होतं. पथिरानाने पुढे त्या मोसमात १९ बळी घेतले. राजवर्धनचे ते तीन बळी खोटे नव्हते. चांगली गोलंदाजी होती ती. ती जागा कायमची नव्हती, एवढंच. आणि टोपी जागेबद्दल कधी बोलत नाही.

टोप्यांचं त्या मोसमात पुढे काय झालं? नारंगी गेली शुभमन गिलकडे, ८९० धावांवर. जांभळी मोहम्मद शमीकडे, २८ बळींवर. दोघंही पहिल्या रात्री त्याच मैदानावर होते, समोरच्या संघात. गिलने ६३ केल्या होत्या, शमीने दोन बळी घेतले होते. बहिणी त्यांच्या जवळून गेल्या, थांबल्या नाहीत.

उलटी गोष्ट ऋतुराजचीच, २०२१ ची. पहिल्या तीन सामन्यांत ५, ५ आणि १०. एवढ्यावर त्याला वगळा म्हणणारे कमी नव्हते. चेन्नईने त्याला सलामीला कायम ठेवलं. चौथ्या सामन्यात ६४. कोरोनामुळे मे महिन्यात स्पर्धा थांबली तेव्हा सात सामन्यांत त्याच्या १९६ धावा झाल्या होत्या, आणि टोपी त्याच्यापासून बरीच लांब, शिखर धवनकडे होती. सप्टेंबरमध्ये दुबईत खेळ पुन्हा सुरू झाला. अंतिम सामन्यात त्याचा साथीदार फाफ डू प्लेसी ८६ धावांवर, डावाच्या अगदी शेवटच्या चेंडूवर बाद झाला. फाफच्या मोसमात ६३३, ऋतुराजच्या ६३५. त्या वर्षी टोपी पुण्याला आली ती अशी, दोन धावांनी.

आमच्याकडे शेतकरी पहिल्या सरीवर सोयाबीन पेरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, ओल खोल जाऊ द्या, असं कृषी विभागही दरवर्षी सांगतो. ज्याने मृगाच्या पहिल्याच पावसाला भुलून तिफण धरली, त्याच्या नशिबी दुबार पेरणी येते. बापाच्या शेतात हे पाहत वाढलेलं पोरगं पहिल्या अर्धशतकावर कॅप्टन बदलतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ओल पाहायची सवय त्याच्या घरात आहे.

ओल म्हणजे इथे काय? फलंदाज कितव्या क्रमांकावर येतो आणि त्याच्या वाट्याला चेंडू किती येतात. सहाव्या क्रमांकाच्या माणसाने १२ चेंडूंत ३५ केल्या तरी पुढच्या सामन्यात त्याला चारच चेंडू मिळतील, अशी शक्यता असते. सलामीवीर ५ वर बाद झाला तरी उद्या पहिला चेंडू तोच खेळणार. गोलंदाज पूर्ण चार षटकं टाकतो का, पॉवरप्लेमध्ये टाकतो का, शेवटच्या चार षटकांत त्याला बोलावतात का, हेही पाहायचं. धावा आणि बळी सामन्यागणिक डोलतात. कर्णधाराने दिलेलं काम इतक्या चटकन बदलत नाही.

टोपी एप्रिलमध्ये नेहमीच चुकते असं मात्र नाही. २०१६ मध्ये विराट कोहलीने ७५, ७९, ३३, ८० आणि नाबाद १०० अशी सुरुवात केली आणि मोसम ९७३ धावांवर संपवला. पण तो सलामीला येत होता, रोज. उलट २०११ मध्ये मुंबईच्या पॉल वल्थाटीने पंजाबसाठी चेन्नईविरुद्ध ६३ चेंडूंत नाबाद १२० केल्या, तेव्हा देश थक्क झाला होता. मोसमाअखेर त्याच्या ४६३ धावा झाल्या. पुढच्या दोन मोसमांत मिळून पन्नासही झाल्या नाहीत.

येत्या मोसमात टोपी बघायची तर जरूर बघा. तिचा रंग देखणा आहे आणि ती मिरवणाऱ्याने कष्ट केलेले असतात. फक्त कॅप्टन ठरवण्याआधी चेंडूंचा आणि षटकांचा रकाना एकदा वाचा. आणि आपल्या भागातल्या एखाद्या पोराने एखाद्या रात्री पन्नास धावा दिल्या, तर ग्रुपवर त्याला शिव्या घालू नका; त्याचे पुढचे चार सामने बघा.