टोपली

वर्गातल्या मैत्रिणी दर वर्षी मला एकच प्रश्न विचारतात. "नाताळ आम्हांला ठाऊक आहे, पण हा ईस्टर म्हणजे गं काय?" प्रश्न रास्त आहे. नाताळाला कंदील असतात, गोठे असतात, दुकानांतून केक मांडलेले असतात. ईस्टर मात्र बिचारा ऐन परीक्षेच्या दिवसांत, उन्हाच्या तडाख्यात येतो आणि कुणाला कळायच्या आत निघूनही जातो. वार्षिकासाठी काय लिहू, असं आमच्या मराठीच्या बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या घरचा ईस्टर लिही." म्हणून हा प्रपंच!

ईस्टरला ठरलेली तारीख नाही. तो चंद्रावरून ठरतो, हे ऐकलं की मैत्रिणींना नवल वाटतं. सर्वांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असं इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत ठरलं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा, हा त्याचा रूढ हिशेब. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या अलीकडे येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. आमची आजी शाळेची पायरी चढलेली नाही. तिला नायसिया ठाऊक नाही. पण हिशेब तिचाही चोख आहे. "मारुतीच्या देवळात जयंतीचा नारळ फुटला, की आपला सण आलाच समज," असं ती म्हणते. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला होती आणि ईस्टर २० एप्रिलला. कधीकधी हा मान होळीच्या पौर्णिमेकडे जातो. २०२४ साली तसा तो गेला होता. ईस्टर ३१ मार्चलाच आला आणि आजीची तयारीची तारांबळ उडाली.

आम्ही वसईचे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. वाडी, केळी, पानमळे आणि बोली मात्र तीच राहिली. घरात आम्ही कादोडी बोलतो. आजीचं बोलणं इथे पुस्तकी मराठीत उतरवते आहे. त्यात तिचा अर्धा ठसका हरवतो, त्याला माझा इलाज नाही.

सणाची चव कळायची तर आधीचा उपवासकाळ कळायला हवा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते आणि तिथून चाळीस दिवस मोजायचे. रविवार त्यात धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात ते शेहेचाळीस होतात. या दिवसांत आमच्याकडे लग्न नाही, वाजंत्री नाही, मटण-कोंबडी नाही. आजी तर चहातली साखरही सोडते. वाचलेले पैसे एका डब्यात पडतात आणि तो डबा शेवटी गरिबांसाठी चर्चमध्ये जातो. गुड फ्रायडेला फक्त पेज आणि लोणचं. गुरुवारच्या मिस्सेपासून चर्चच्या घंटा मुक्या होतात. गावात एरवी तीन वेळा वाजणारी घंटा वाजेनाशी झाली, की दिवस फार लांब वाटू लागतो. मग शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात. त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली लहान मेणबत्ती पेटते. आणि मग त्या घंटा! आजीच्या लहानपणी ही सारी उपासना लॅटिनमध्ये होती. तिला एक शब्द कळत नसे. पण घंटा वाजल्या की डोळ्यांना पाणी येई, असं ती सांगते. ते अजूनही येतं.

अंड्यांचं तसंच. युरोपात पूर्वी उपवासकाळात अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना काही उपवास नसतो! त्या अंडी घालतच राहत आणि सणाच्या दिवसापर्यंत घरात अंड्यांचा साठा होई. पुढे त्या अंड्याला थडगं फोडून वर आलेल्या जीवनाचा अर्थ मिळाला. ग्रीक लोक ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. आजीच्या लहानपणी आमच्या घरात अंडी रंगवत नसत. ते धर्मशिक्षणाच्या वर्गातून माझ्याबरोबर घरी आलं. मी रंग विकत आणत नाही. कांद्याच्या सालींत उकडली की तांबूस, हळदीत पिवळी, बीटात गुलाबी. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं, की रंग धरतो. आजी आधी हसली होती. आता उपवासकाळ लागला की तीच कांद्याच्या साली एका पिशवीत जमवू लागते.

फुगे मात्र आजीचेच. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि किंचित साखर. आंबवायला पूर्वी ताडी घालत, आता यीस्ट. पीठ सैल असतं आणि ते हाताने फेटून फेटून हलकं करायचं. मग मुठीतून, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, लिंबाएवढा गोळा कढईत सोडायचा. नीट फेटलेलं असेल, तर फुगा तेलात आपोआप कूस बदलतो. फुग्यांबरोबर इंद्याल. लसूण, मिरची आणि व्हिनेगर यांत मुरवलेलं हे मटण पोर्तुगीजांच्या 'विन्या द आल्योस'मधून आलं; म्हणजे दारू आणि लसूण. हॉटेलांतून जे विन्दालू मिळतं, तेही त्याच शब्दाचं लेकरू. मार्झिपानची अंडी बदामाऐवजी काजूची करतात, आणि काजूदेखील पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून इकडे आणलेला. एवढं सगळं परदेशी सांगितल्यावर सुकेळीचं नाव घेतलंच पाहिजे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची पुडी बांधायची, हे आमच्या वाडीचं स्वतःचं मार्झिपान!

सणाचं जेवण आम्ही पूर्वी खाली चटईवर बसून जेवत असू. घरात टेबल नव्हतं. मी अकरावीला गेले तेव्हा बाबांनी माझ्या अभ्यासासाठी एक जुनं टेबल विकत आणलं. घरात कॉलेजात जाणारं मीच पहिलं माणूस, म्हणून त्या टेबलाचा मान मोठा. त्यावर कुणी मळा हात ठेवत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री माझी पुस्तकं खाटेखाली जातात, टेबलावर आजीने विणलेल्या जाळीची पांढरी चादर येते आणि मध्यभागी पितळी तांब्यात सोनचाफा. माणसं आठ आणि टेबल दोघांचं, त्यामुळे बसून कुणी जेवत नाही. सगळे उभ्याने वाढून घेतात. तरी त्या दिवशी ते टेबल मला मेजवानीचं वाटतं.

पण आजीच्या लेखी खरा ईस्टर टेबलावर नसतो, टोपल्यांत असतो. तिच्याकडे बांबूच्या सहा टोपल्या आहेत, बुरुडाकडून घेतलेल्या. त्यांत केळीचं पान अंथरायचं, त्यावर फुगे, रंगवलेली तीन अंडी, डब्यात इंद्याल, सुकेळीची पुडी आणि वर मोगऱ्याचा गजरा. हे मिस्सेनंतर घरोघर पोचवायचं. प्रत्येक टोपली निराळी. शेजारच्या घरी शनिवार पाळतात, माळकरीही आहेत, त्यांच्या टोपलीत अंडी-मटण नाही. नारळ आणि सुकेळी दुप्पट. वाडीत कामाला येणाऱ्या वारली बाईच्या टोपलीत तांदूळही. टोपली परत येते ती रिकामी येत नाही, हा नियम. कुणी चार कैऱ्या घालतं, कुणी मूठभर मीठ.

इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात वळिवडे छावणीची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. मी पोलंडच्या ईस्टरबद्दल वाचलं आणि थबकले. तिथेही टोपली आहे! पवित्र शनिवारी अंडी, पाव, मीठ, सॉसेज, लोण्याचं कोकरू असं थोडंथोडं टोपलीत मांडून, पांढऱ्या कापडाने झाकून ती चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. रविवारी सकाळी त्यातलं एक अंडं कापून त्याचे तुकडे घरातल्या प्रत्येकाला देतात, आणि तो तुकडा घेताना एकमेकांचं भलं चिंततात. आजीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एका अंड्यात सगळं घर? मग भांडलेल्यांनी काय करायचं?"

तिच्या या प्रश्नामागे आमच्या घरची गोष्ट आहे. आजीला दोन मुलगे. थोरले काका वाडीच्या पलीकडच्या घरात राहतात. दोन घरांच्या मध्ये बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहतात, त्यात या बावखलांचा मोठा वाटा. २०२२ साली काकांनी ते बुजवून तिथे भाड्याच्या खोल्या बांधायचं मनात घेतलं. बाबा नाही म्हणाले. काकांचीही बाजू होती. केळीवर घर चालत नाही, हे खोटं नाही. पण शब्द वाढले आणि बोलणं तुटलं. २०२३ च्या ईस्टरला आजीने पाठवलेली टोपली काकीने न उघडता गड्याहाती परत केली. २०२४ साली आजीने ती पुन्हा भरली; न्यायला कुणी तयार होईना, ती दिवसभर फळीवर राहिली. गजरा तिथेच सुकला.

२०२५ साली आजीने सहावी टोपली माझ्या हातात दिली. "या खेपेला तू जा. तू शिकलेली आहेस," एवढंच म्हणाली. शिकण्याचा आणि याचा काय संबंध, हे मला कळलं नाही. बावखलाच्या काठाने मी गेले. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी "हॅपी ईस्टर, काकी" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेव तिथे." मी ठेवली आणि आले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी २१ एप्रिलला, दुपारी बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. आमच्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे, कॅलेंडरातलं कापून लावलेलं. भर उन्हात दारात काकी उभी! डोक्यावर पदर, पायांत चप्पल नाही. "आई, ऐकलंत ते खरं का?" आजी म्हणाली, "खरं गं." दोघी त्या चित्राखाली बसल्या आणि रोझरी म्हणू लागल्या. मधेच बाबा वाडीतून आले, उंबऱ्यात थांबले, आणि म्हणाले, "वहिनी, जेवून जा." काकी जेवली नाही, चहा प्याली.

बावखलाचा प्रश्न सुटलेला नाही. काका आणि बाबा अजूनही सरळ बोलत नाहीत. पण काकी येते. टोपली मात्र तिने परत आणली नाही. "मागू का?" असं मी विचारलं, तर आजी माझ्यावरच रागावली. "टोपली रिकामी पाठवायची नसते. भरायला काय घालावं, हे तिला सुचायला नको का? सुचेल तेव्हा येईल."

मे महिन्यात बुरूडबाई दारावर आली, तेव्हा आजीने निरखून एक नवी टोपली घेतली. मी म्हटलं, "सहा आहेत ना आपल्याकडे?"

"पाच," आजी म्हणाली. "सहावी थोरल्याकडे आहे."