कॉलेजव्हिलचा शनिवार

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट क्लाउड शहरी थोरल्या मुलाकडे आम्ही दोघे तीन महिने राहून आलो. परतल्यावर गावात ज्याने त्याने विचारले, नायगारा पाहिला का, न्यूयॉर्क पाहिले का? नाही पाहिले. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा एक शनिवार मात्र पाहिला आणि त्याला जोडून आलेला रविवारही. सांगण्यासारखे आहे ते तेवढेच.

निमित्त नातवाचे होते. तो चौदा वर्षांचा. शाळेच्या मैदानावर मुले फुटबॉलचा एक सौम्य प्रकार खेळतात. त्यात कमरेला पट्टी लटकवलेली असते, ती खेचली की खेळाडू थांबला. पुढच्या वर्षी त्याला खरा अमेरिकन फुटबॉल खेळायचा होता, डोक्यावर हेल्मेट घालून, अंगावर धडका घेऊन. शाळेचा फॉर्म त्याने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. त्यावर आईची किंवा बापाची सही हवी. सूनबाई सही करीत नव्हती आणि थोरला मध्ये पडत नव्हता. आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाने आमच्याकडे वकीलपत्र दिले. "दादी, तू अम्मीला सांग. आधी मॅच बघ, मग सांग."

मॅच बघायला कुठे, तर कॉलेजव्हिलला. सेंट क्लाउडपासून ते वीसेक किलोमीटर. तिथे सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी आहे. युनिव्हर्सिटी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर मुंबई विद्यापीठ आले, पण इथे शिकणारी मुले दीड हजारांच्या आसपास. सगळी मुलगेच. मुलींचे कॉलेज शेजारच्या सेंट जोसेफ गावात. संस्था बेनेडिक्टाईन पंथाच्या ख्रिस्ती साधूंची, 1857 सालची. अडीच हजार एकरांहून मोठे रान, तळे, आणि त्यात त्यांचा मठ.

आदल्या दिवशी शुक्रवार होता. जुम्याच्या नमाजीला सेंट क्लाउडच्या मस्जिदीत गेलो. सफीतले बहुतेक लोक सोमाली. 1991 नंतर त्यांच्या देशात यादवी माजली, तेव्हा निघालेली ही कुटुंबे निर्वासित छावण्यांतून फिरत फिरत या थंड मुलखात आली. ते शाफई आणि आम्ही कोकणी मुसलमानही शाफई. एका फजरला इमामांनी कुनूत पढला तेव्हा क्षणभर दाभोळ खाडीकाठच्या आमच्याच मस्जिदीत उभे असल्यासारखे वाटले. त्यांचा सांबुसा आणि आपला समोसा हेही सख्खे भाऊ निघाले. शनिवारच्या शिदोरीला आम्ही तेच नेले, खिम्याचे.

जुम्यानंतर थोरल्याने आम्हाला कॉलेजव्हिलचा मठ दाखवला. चर्चसमोर शंभर फुटांहून उंच काँक्रीटचा पडदा उभा आहे, त्याच्या पोटात घंटा. मार्सेल ब्रॉयर या वास्तुकाराचे हे काम, 1961 मध्ये पुरे झाले. आम्हाला विशेष वाटले ते तिथल्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयाचे. हे साधू 1965 पासून जगभरची जुनी हस्तलिखिते चित्रित करून जपतात. आधी युरोपातल्या मठांची, मग इथिओपियाची, आणि पुढे टिंबक्टू व जेरुसलेमच्या मुसलमान घराण्यांनी सांभाळलेली अरबी हस्तलिखितेसुद्धा. आपल्याकडे किती घरांत आजोबांच्या किताबी वाळवी खात पडल्या आहेत, ते आठवून आम्ही दोघेही गाडीत गप्प बसलो.

शनिवारी सामना दुपारी एकचा. आम्ही अकराला पोहोचलो तर गाड्यांच्या रांगा लागून गेल्या होत्या. लोकांनी गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून तिथेच शेगड्या मांडलेल्या, घडीच्या खुर्च्या टाकलेल्या, पोरे चेंडू फेकत धावत होती. शेगडीवर डुकराचे सॉसेज आणि हातात बिअर. सूनबाई हिजाब घालते. गर्दीत शिरताना तिने ओढणी पुन्हा नीट केली आणि आम्ही सगळेच थोडे आखडून चालू लागलो. कोणी काही बोलले नाही. बघत मात्र होते, आणि आम्हीही बघतच होतो.

खुर्च्या कुठे टाकाव्यात हे आम्हाला ठरवता येईना. तेवढ्यात लाल टोपी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपली खुर्ची सरकवून जागा करून दिली. त्यांनी सॉसेजचे ताट पुढे केले. थोरल्याने आपण डुक्कर खात नाही असे सांगितल्यावर त्यांनी ताट मागे ठेवले, गाडीत हात घातला आणि सफरचंदांची पिशवी काढली. हनीक्रिस्प, मिनेसोटाच्याच विद्यापीठाने तयार केलेली जात. खाताना कडाकड आवाज होतो. आम्ही समोसे पुढे केले. त्यांनी दोन खाल्ले, तिसरा बायकोसाठी रुमालात बांधून घेतला.

मैदान एका खोलगट जागी आहे. चारी बाजूंनी उतार आणि उतारावर झाडी. मेपलची पाने तेव्हा लाल-केशरी झाली होती. काही लोक बाकांवर, काही सरळ गवतावर. खेळ आम्हाला नातवाने समजावला. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. ऐकायला सोपे आहे. पण पहिली धडक झाली तो आवाज आम्ही विसरणार नाही. नारळ दगडावर आपटल्यासारखा. सूनबाईने आमच्याकडे पाहिले, बोलली काही नाही.

मधल्या सुटीत जोहरची वेळ होतीच. टेकाडामागे झाडांखाली चटई टाकून आम्ही नमाज अदा केली. लाल टोपीवाले आजोबा आमच्या खुर्च्या राखत बसले होते. परत आल्यावर त्यांनी विचारले, "संघासाठी पण मागितलेत ना काही?" आम्ही म्हटले, कोणाला लागू नये एवढे मागितले. त्यावर ते जरा वेळ मैदानाकडेच बघत राहिले.

सेंट जॉन्सच्या खेळाडूंना सगळे 'जॉनीज' म्हणतात. ते जिंकले. पण आम्हाला खरी गोडी लागली ती त्यानंतर. सामना संपला तरी माणसे घरी जाईनात. खेळाडूंचे आईबाप डबे घेऊन मैदानात उतरले. शेगड्या पुन्हा पेटल्या आणि चर्चा सुरू झाली. हे दृश्य आम्हाला परके नव्हते. कोकणात मे महिन्यात गावोगाव टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात, मुंबईहून चाकरमानी येतात, आणि हरलेल्या ओव्हरवर इशापर्यंत वाद चालतो. फरक एवढाच की इथे सगळे बसून बोलत होते आणि दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देत होते.

थोरला आम्हाला मराठीत सांगत होता. या कॉलेजांचा दर्जा तिसरा, डिव्हिजन थ्री. 1973 पासूनचा. पहिल्या दर्जाची कॉलेजे खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, त्यांचे सामने टीव्हीवर, त्यात करोडोंची उलाढाल. तिसऱ्या दर्जात खेळासाठी एक डॉलरही द्यायला बंदी. म्हणजे आज चिखलाने माखलेली ही पोरे फी भरून खेळत होती आणि सोमवारी वर्गात बसणार होती. तरीही मोसमाच्या शेवटी देशभरातल्या निवडक संघांची बाद फेरी असते, अंतिम सामना स्टॅग बोल. त्यात जागा मिळवायची तर नुसते जिंकून भागत नाही, कोणाविरुद्ध जिंकलात तेही मोजतात. म्हणून सगळे मोबाईलवर दूरदूरचे निकाल बघत होते. ओहायोतले माउंट युनियन, विस्कॉन्सिनचे व्हाईटवॉटर, शिकागोजवळचे नॉर्थ सेंट्रल. कोणा लांबच्या गावातला संघ हरला की इथे मान हलायच्या.

सगळ्यात तापलेला विषय मात्र जुना होता. सेंट पॉल शहरातले सेंट थॉमस हे यांचे शंभर वर्षांहून जुने प्रतिस्पर्धी. 2017 मध्ये दोघांचा सामना मिनिआपोलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये झाला तेव्हा 37,355 लोक आले, तिसऱ्या दर्जातला तो विक्रम. त्याच मोसमात सेंट थॉमसने सेंट ओलाफ या छोट्या कॉलेजला 97–0 असे हरवले. 2019 मध्ये बाकीच्या कॉलेजांनी ठरवून सेंट थॉमसला आपल्या गटातून काढले. तुम्ही फार मोठे झालात, एवढाच ठपका. 2021 पासून ते एकदम पहिल्या दर्जात गेले. एक जण म्हणाला, बरे झाले, मुलांची हाडे वाचली. दुसरा म्हणाला, आपण घरातला भाऊ हाकलला आणि आता ऑक्टोबर सुना झाला. यावर लाल टोपीवाले म्हणाले, "97 आपण केले नाहीत, पण 60 केलेल्याला कोणी काढत नाही म्हणून आपण राहिलो." सगळे हसले, पण थोडे चाचरत. आपल्या संघाबद्दल आपल्याच माणसाने असे बोललेले आम्ही गावच्या टुर्नामेंटमध्ये कधी ऐकलेले नाही.

नॉर्थफील्ड गावातली दोन कॉलेजे, हेच सेंट ओलाफ आणि कार्लटन, यांनी 1977 मध्ये यार्डांऐवजी मीटरमध्ये मोजून एक सामना खेळला होता, ती हकिकतही तिथेच कळली. सेंट पॉलचे मॅकॅलेस्टर कॉलेज एके काळी लागोपाठ 50 सामने हरले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान याच कॉलेजचे. पण ते पळणारे, फुटबॉलवाले नव्हेत, असे एकाने घाईने स्पष्ट केले.

सव्वाचारला अस्रची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो. आजोबा म्हणाले, उद्या सकाळी सेंट जोसेफला कॉफीला या, तिथे उरलेले भांडण होईल.

रविवारी सूनबाई स्वतःहून आली. कॉफीच्या दुकानात सातआठ म्हातारे आणि दोन आजीबाई, समोर कालचे निकाल. तिथे जॉन गॅग्लिआर्डी यांची गोष्ट निघाली. ती निघाल्याशिवाय या गावात रविवार जात नसावा. हे सेंट जॉन्सचे प्रशिक्षक, 1953 ते 2012 तब्बल साठ मोसम. सगळ्या कारकिर्दीत मिळून 489 सामने जिंकले, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कोणीच नाही. 2003 मध्ये त्यांनी ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम मोडला आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात माउंट युनियनची सलग 55 विजयांची साखळी तोडली. शाळेत सोळा वर्षांचे असताना त्यांचे प्रशिक्षक महायुद्धावर गेले, तेव्हा संघ या पोरानेच चालवला. 2018 मध्ये ते वारले. मुलांनी 'कोच' म्हटलेले त्यांना चालत नसे, 'जॉन' म्हणायचे. शिट्टी नाही, शिक्षा नाही, सराव दीड तासाच्या आत. आणि सरावात एकमेकांना पाडायचे नाही, कधीच नाही. धडक फक्त शनिवारी.

सूनबाईने कप खाली ठेवला. "म्हणजे त्यांना माहीत होते?" तिने विचारले.

आयव्ही लीगच्या बड्या कॉलेजांनी मोसमातल्या सरावात पाडणे बंद केले ते 2016 मध्ये. गॅग्लिआर्डी कित्येक दशके आधीपासून तेच करत होते. आता डोक्याला बसणाऱ्या लहानमोठ्या धक्क्यांवर डॉक्टर बोलतात, तेव्हा कोणी बोलत नव्हते. एवढे सांगून झाल्यावर सूनबाईने सरळच विचारले, "तुम्ही खेळलात. तुमच्या नातवाला खेळू द्याल?"

टेबलावर शांतता पसरली. लाल टोपीवाल्यांनी टोपी काढली. ते सावकाश म्हणाले, आणि थोरल्याने तितकेच सावकाश मराठीत सांगितले: "त्या चार वर्षांइतके चांगले दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. माझे निम्मे मित्र त्या मैदानावरचे. पण हल्ली घरी जाताना मी वळण विसरतो. वय असेल. खेळ असेल. डॉक्टर सांगू शकत नाही. माझ्या एका मुलाला मी खेळू दिले, दुसऱ्याला नाही. दोघेही माझ्यावर रागावलेले आहेत."

त्यांच्या बायकोने त्यांचा हात धरला आणि कालचा समोसा फार चांगला होता असे म्हणाली. नातू मान खाली घालून कागदी कपाची कड फाडत होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. वकील म्हणून आम्ही तिथेच निकामी झालो होतो.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर सूनबाईने फ्रिजवरून फॉर्म काढला, वाचला आणि पुन्हा होता तिथेच लावला. नातवाला विचारले, तुमच्या शाळेचे सर सरावात धडका मारायला लावतात का? त्याला माहीत नव्हते. "उद्या विचारून ये," ती म्हणाली, "किती दिवस, किती वेळ, सगळे लिहून आण." त्याने एक वही घेतली.

आम्ही निघालो तेव्हा फॉर्म तसाच होता, सहीविना. वहीची तीन पाने भरली होती. आता गावी रविवारी सकाळी फोन लावतो तेव्हा तिथे शनिवारची रात्र असते. आम्ही फॉर्मचे विचारत नाही. जॉनीज जिंकले का ते विचारतो, आणि आजोबा मैदानावर आले होते का तेही.